सव्वा महिना

बाळंतिणीच्या खोलीत काळ मोजण्याची रीत निराळी असते. तिथे तारीख-वार फारसे कुणी विचारीत नाही. आज कितवा दिवस, एवढेच विचारतात. पाचवी झाली का? सहाव्या रात्री सटवाईपुढे कोरा कागद आणि लेखणी ठेवली का? दहा दिवसांचे सोयर फिटले, बाराव्या दिवशी बारसे झाले, की मग दृष्टी लागते ती सव्वा महिन्याकडे. हिशोबाने सव्वा महिना म्हणजे सदतीस-अडतीस दिवस. पण आमच्या घरी पुरते चाळीस मोजण्याची चाल होती. तोवर बाळंतिणीने उंबरठा ओलांडायचा नाही, कानाचा रुमाल सोडायचा नाही, वाऱ्यात उभे राहायचे नाही.

ही गणती केवळ आजीबाईंची आहे असे मात्र नाही. वैद्यकशास्त्र जन्मानंतरचे पहिले २८ दिवस नवजात अवस्थेचे मानते, कारण बालमृत्यूंचा मोठा वाटा त्याच दिवसांत, आणि त्यातही पहिल्या आठवड्यात, असतो. प्रसूतीनंतर ४२ दिवसांच्या आत स्त्रीला त्या कारणाने मृत्यू आला, तर जागतिक आरोग्य संघटना त्याची गणना मातामृत्यूत करते. आपल्या देशाच्या १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्याने ठरवले, की बाळंतपणानंतर सहा आठवडे स्त्रीला कामावर ठेवता येणार नाही. आजी, डॉक्टर आणि विधिमंडळ हे तिघे एकमेकांना न विचारता जवळजवळ एकाच आकड्याशी येऊन थांबले आहेत. आकडे असे सहजासहजी जुळत नाहीत. कुणीतरी फार माणसे गमावलेली असतात, कुठल्या दिवशी गमावली हे लक्षात ठेवलेले असते, तेव्हा अशी मुदत ठरते.

माझी मुलगी १० ऑक्टोबर १९९५ रोजी बडोद्यात जन्मली. माझे माहेर दांडिया बाजारच्या बाजूला, मराठी वस्तीत. यजमान वस्त्रोद्योगातले अभियंते. दोन वर्षांपूर्वी मॉरिशसला एका विणमालाच्या कारखान्यात नोकरीला लागले होते. पहिले बाळंतपण माहेरी, या रीतीप्रमाणे मी सातव्या महिन्यात बडोद्याला आले. माझ्या तिथल्या वास्तव्याचा परवाना नोव्हेंबरच्या मध्याला संपत होता, आणि त्याआधी परतले नाही तर सारे सोपस्कार पहिल्यापासून करावे लागणार होते. त्याला किती महिने लागतील हे कुणी सांगत नव्हते. विमानाची तिकिटे मिळाली ती १० नोव्हेंबरच्या मध्यरात्रीनंतरची. म्हणजे घर सोडायचे ते बत्तिसाव्या दिवशी.

आईने त्रागा केला नाही. ती फक्त म्हणे, "चाळीस होऊ देत." वडिलांनी परवान्याचे कागद तिच्यापुढे ठेवले, डॉक्टरांनी बाळ निरोगी असल्याचा दाखला लिहून दिला, ती सगळे ऐकून घेई आणि पुन्हा तेच म्हणे. त्या वर्षी २४ ऑक्टोबरला, दिवाळीतच, सूर्यग्रहण आले. राजस्थानपासून बंगालपर्यंत लोक ते पाहायला जमले होते. आमच्या घरी मात्र सकाळपासून खिडक्यांवर चादरी बांधलेल्या. आई बाळाला पदराखाली घेऊन आतल्या खोलीत, भिंतीकडे पाठ करून बसली होती. देवाधर्माचे ती फारसे करणारी नव्हती. ग्रहण सुटल्यावर तिने स्वतःच चादरी काढल्या, आणि म्हणाली, "चौदा झाले नाहीत का? पंधरावा आज."

माझ्या आधी तिला एक मुलगा झाला होता. ही गोष्ट आम्हां भावंडांना ठाऊक होती, पण घरात ती बोलली जात नसे. १९६४ च्या जानेवारीत, इंदूरला, तिच्या माहेरी. वडिलांची बडोद्याला बदली झाली होती आणि बिऱ्हाड तातडीने हलवायचे होते. पंधरा दिवसांचे मूल घेऊन ती निघाली. रतलामला गाडी बदलावी लागे. मोठ्या गाडीला उशीर झाला, म्हणून माळव्यातल्या त्या थंडीत अर्धी रात्र फलाटावर काढली. बडोद्याला पोचल्यावर बाळाचे दूध पिणे कमी होत गेले आणि एकोणिसाव्या दिवशी ते गेले. प्रवासाने गेले, की त्याचे आयुष्यच तेवढे होते, हे तेव्हा कुणाला सांगता आले नाही आणि पुढेही आले नाही. आईने त्याचा दोष वडिलांना कधी दिला नाही. पण दूरच्या प्रवासाला कुणी तान्हे घेऊन निघाले असे कानावर आले, की ती हातातले काम थांबवून विचारी, "कितवा दिवस?"

त्यामुळे तिच्या 'चाळीस होऊ देत'ला उत्तर देण्याजोगे आमच्यापाशी काही नव्हते. ग्रहणाचा समज खोडून काढता येतो. एकोणिसावा दिवस खोडता येत नाही.

पारपत्र कार्यालयातले काम वडिलांनी केले. त्या काळी पारपत्र हाताने लिहीत, आणि त्यात मुलांची नावे भरण्यासाठी एक जागा राखून ठेवलेली असे. तान्ह्या बाळाचे स्वतंत्र पारपत्र काढण्याची गरज नसे. बारशाला नाव ठेवले, जन्माचा दाखला निघाला, आणि माझ्याच पारपत्रात निळ्या शाईने तिचे नाव, जन्मतारीख आणि स्त्रीलिंगाची खूण अशी एक ओळ लिहिली गेली. तिचे छायाचित्र नाही, अंगठ्याचा ठसा नाही. जगातल्या सगळ्या सरकारांच्या लेखी ती अजून माझ्यातच होती. ते पान पाहून आईला मात्र बरे वाटले. "हे चांगले केले. तुझ्यावाचून तिला कुणी कुठे नेऊ शकणार नाही," ती म्हणाली. त्याच संध्याकाळी तिने बांधाबांधीला सुरुवात केली.

दुपट्यांसाठी तिने स्वतःच्या जुन्या नऊवारीचे तुकडे फाडले, कारण नवे कापड बाळाला टोचते. माझे पोट बांधण्यासाठी एक लांब पट्टी काढली आणि ती एकटीने कशी घट्ट गुंडाळायची, हे दोनदा करून दाखवले. "तिथे पाठीमागून ओढायला कोणी नसेल," एवढेच त्यावर बोलली. डिंकाचे लाडू एका डब्यात, अळिवाचे दुसऱ्या. आणि एका लहान कापडी पिशवीत बाळगुटीचे सामान : वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, हळकुंड, हिरडा, बेहडा, खारीक, बदाम, आणि ते सारे उगाळायची तळहाताएवढी सहाण. प्रत्येकाचे किती वळसे द्यायचे हे तिने वहीच्या पानावर लिहून दिले होते.

मुंबईपर्यंत ती आमच्याबरोबर आली. सहा-सात तासांच्या त्या प्रवासात तिने बाळाला एकदाही बाकावर ठेवले नाही. मांडीवर घेऊन, खिडकीकडे पाठ करून ती बसून राहिली. मी पाजायला घेई तेवढाच वेळ तिचे हात मोकळे. सुरत गेले, वलसाड गेले, वसईची खाडी आली. ती बाहेर पाहत नव्हती. विमानतळाच्या दारातून आत फक्त प्रवाशांना सोडीत. तिने बाळ माझ्या हातात दिले, माझ्या कानाचा रुमाल पुन्हा एकदा घट्ट केला आणि म्हणाली, "बत्तीस झाले." मागे वळून पाहिले तेव्हा ती काचेपलीकडे उभी होती; गर्दीमुळे फक्त डोके दिसत होते.

विमानात बाळंतिणीला काय होते, याविषयी त्या काळी माझ्या माहितीत कुणी लिहिले नव्हते. डॉक्टरांनी मला दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक, पाणी पीत राहायचे आणि तासा-दीड तासाने उठून चालायचे. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती एरवीपेक्षा अधिक असते आणि बसून राहिल्याने ती वाढते. दुसरी, विमान उतरू लागेल तेव्हा बाळाला पाजायचे. गिळण्याच्या क्रियेने कानांतला दाब सारखा होतो. विमानाच्या आतली हवा समुद्रसपाटीवरची नसते. सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असावी तशी विरळ असते. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर. म्हणजे ज्या मुलीला खिडकीतला वारा वर्ज्य होता, ती रात्रभर महाबळेश्वरापेक्षा कितीतरी उंच जागी निजणार होती.

समोरच्या भिंतीला एक पाळणा अडकवून दिला होता. मी तिला त्यात फार थोडा वेळ ठेवले. टाके ओढत होते, पोटाची पट्टी सैल झाली होती आणि ती पुन्हा बांधण्याइतकी जागा त्या लहानशा प्रसाधनगृहात नव्हती. दूध चोळीबाहेर येत होते. दिवे मालवले, माणसे झोपली, आणि मी मुलीला खांद्यावर घेऊन दोन रांगांमधल्या वाटेने चालू लागले. आईने बत्तीस दिवस ज्या खोलीत मला ठेवले होते तीही साधारण एवढीच लांब होती. एका टोकाला पडदा, दुसऱ्या टोकाला पडदा. खाली हिंदी महासागर होता, पण दिसत काही नव्हते. त्या अंधारात केव्हातरी आम्ही विषुववृत्त ओलांडले. उतरताना तिने घट्ट मूठ वळून दूध ओढले आणि कान दुखल्याची एकही खूण न दाखवता झोपी गेली.

बडोद्यात कार्तिकातली थंडी सुरू झाली होती. इथे उन्हाळा लागला होता. घड्याळ दीड तास मागे घ्यायचे. वैशाखात पाहायचा तो गुलमोहर नोव्हेंबरात फुलू लागला होता. तपासणीच्या टेबलावर अधिकाऱ्याने बाळगुटीची पिशवी उघडली. बेटावर बाहेरच्या मुळ्या आणि बिया येऊ देत नाहीत. उसाच्या शेतीवर जगणाऱ्या देशाला परक्या किडीची धास्ती असते. त्याने एकेक वस्तू हुंगून पाहिली, नम्रपणे बाजूला काढली आणि सहाण मात्र माझ्या हातात परत दिली. दगडाला मनाई नव्हती. पुढे मला कळले, की १७७० साली प्वाव्र नावाच्या फ्रेंच कारभाऱ्याने डचांचा मक्ता मोडण्यासाठी जायफळाची रोपे मोलुकांतून याच बेटावर चोरून आणविली आणि पांप्लेमूसच्या बागेत लावली. ती बाग अजून आहे. जायफळ इथे आधीच पोचलेले होते; फक्त माझे जायफळ तेवढे दारात अडले.

आमचे घर वाक्वाला, पठारावर. ढगाळ, रिमझिम हवा. समुद्र दिसत नाही. शेजारी एक म्हातारी राहत असे. तिच्या घराण्याला बेटावर येऊन चार पिढ्या झालेल्या. गणपतीची आरती तिला सबंध पाठ होती, जाखडीची गाणी येत होती. पण बोलणे क्रिओलमध्ये. मराठी तिच्या तोंडी फक्त देवापुढे आणि नात्यांच्या शब्दांत उरली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पायरीशी उभी राहिली, बाळाकडे पाहून "ती बाबा" म्हणाली, आणि बोटे नाचवून तिने मला काहीतरी विचारले. क्रिओल मला पुरती येत नव्हती. पण हा प्रश्न कळायला भाषेची गरज नव्हती. मी तीन वेळा दहा बोटे दाखवली आणि मग चार. तिने मान हलवली आणि म्हणाली, "कारांत." फ्रेंचमधून आलेला शब्द, चाळीस.

त्यानंतरचे सहा दिवस ती रोज आली. खोबरेल कोमट करून बाळाचे अंग चोळी, मग माझी पाठ. आणि पोटाची पट्टी पाठीमागून ओढून बांधी. सटवाई हा शब्द तिला ठाऊक नव्हता, परंतु सहाव्या रात्री बाळाजवळ जागायचे असते हे ठाऊक होते. तिच्या भोजपुरी शेजारणींकडे त्याला छठी म्हणतात. सहाणेवर तिने परसातली हळद उगाळली, ती माझ्या टाचांच्या भेगांना लावायला. बाळगुटीचे नाव काढल्यावर तिने हात झटकले. आता डॉक्टरही तेच सांगतात, की सहा महिने आईच्या दुधाखेरीज बाळाला काही देऊ नये. चाळिसाव्या दिवशी तिने आम्हां दोघींना उंबरठ्याबाहेर काढले, उन्हात उभे केले आणि आपल्या घरी जेवायला नेले.

तिच्या पणजीविषयी तिला इतकेच सांगता येत होते, की ती मुंबईहून जहाजाने आली आणि येताना पोटाशी मूल होते. या बेटावर १८३४ पासून करारबद्ध मजूर येऊ लागले. १९२० पर्यंत सुमारे पाच लाख आले. बहुतेक कलकत्त्याहून आणि मद्रासहून. मुंबईच्या बंदरातून निघालेले त्या मानाने थोडे. पोर्ट लुईच्या धक्क्यावर ते उतरत. तिथल्या सोळा दगडी पायऱ्या अजून आहेत. 'आप्रवासी घाट' म्हणून त्या जागेची नोंद २००६ साली जागतिक वारशात झाली, आणि पहिल्या आगमनाची आठवण म्हणून २ नोव्हेंबर हा दिवस तिथे पाळतात. त्या पायऱ्या मी उतरले-चढले तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. तिच्या पावलांना एकेक पायरी उंच होत होती.

मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या नोंदी जपून ठेवल्या आहेत. क्रमांक, जहाज, नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव, अंगावरची खूण. १८६० नंतरच्या दशकापासून छायाचित्रेही. त्यांतल्या काही स्त्रियांचे चेहरे मी पाहिले. छातीपर्यंतच घेतलेली चित्रे. डोईवर पदर, नजर सरळ. मी पाहिलेल्यांत एकीच्याही हाती तान्हे नव्हते. असेल तर चौकटीच्या खाली, मांडीवर असेल. त्या नोंदींत सगळे होते. कितवा दिवस, हा रकाना नव्हता. शिडाच्या जहाजावर आठवड्यामागून आठवडे जात. कुणी चढतानाच ओली बाळंतीण असेल, कुणी वाटेत झाली असेल. जहाजावरचे जन्म आणि मृत्यू लिहून ठेवले जात. पण पदर ओढून, भिंतीकडे पाठ करून तिच्यासाठी दिवस मोजत बसणारी आई किनाऱ्यावर राहिली होती, आणि ती किती दिवस मोजत होती याची नोंद कुठल्याच बंदरात नाही. त्या बायकांनी एकमेकींचे मोजले असले पाहिजेत. नाहीतर चार पिढ्यांनंतर, भाषा हरवल्यावरही, चाळीस हा आकडा त्या म्हातारीपर्यंत पोचला नसता.

आता प्रत्येक बाळाला स्वतःचे पारपत्र लागते. त्याचे छायाचित्र हवे, बाळाच्या त्या पारपत्राची मुदत पाच वर्षांची. हाताने लिहिलेली पारपत्रे २०१५ मध्ये जगभर बाद झाली. माझे जुने पारपत्र, कोपरा कापून रद्द केलेले, मी ठेवले आहे. निळी शाई तपकिरी झाली आहे, ओळ वाचता येते. महिन्याभराचे मूल घेऊन परदेशी निघालेल्या मुली हल्ली मला भेटतात, आणि पाळणा कुठल्या रांगेत मिळतो, दुधाच्या बाटल्या किती नेता येतात, असे विचारतात. जे ठाऊक आहे ते मी सांगते. मग विचारते, तिथे उतरल्यावर पाठीमागून पट्टी ओढायला कोण आहे? बहुतेकींना प्रथम हा प्रश्न कळत नाही.

आई २०११ साली गेली. तिच्या ट्रंकेत जुन्या दिनदर्शिकांची गुंडाळी निघाली. दुधाचा हिशोब ती दिनदर्शिकेच्या चौकटीत लिहीत असे, आणि वर्ष संपले तरी कागद टाकून देत नसे. १९९५ ची उलगडली. १० ऑक्टोबरपासून प्रत्येक चौकटीत, दुधाच्या आकड्याच्या वर, कुंकवाच्या बोटाने उमटवलेला एक ठिपका होता. २८ ऑक्टोबरची चौकट रिकामी होती. तो एकोणिसावा दिवस. २९ च्या चौकटीत दोन ठिपके होते, एकमेकांना लागून. दिवस पुरता उलटेपर्यंत तिने तो मोजला नव्हता.

पुढे ठिपके ओळीने जात राहतात. ११ नोव्हेंबरपासून दूध दोन लिटरांऐवजी एक लिटर झाले आहे. ठिपके मात्र १८ पर्यंत आहेत.